भिंतीवरचे बेट

आमच्या कचेरीत, कायद्याच्या पुस्तकांच्या कपाटाला लागून, गेली काही वर्षे एक भित्तिपत्रक टांगलेले आहे. एका अमेरिकन विमान कंपनीने हवाई बेटांच्या प्रवासासाठी पूर्वी छापलेल्या पोस्टराची ती अलीकडची नक्कल. निळाजांभळा समुद्र, त्यामागे सिंहासारखा बसलेला एक डोंगर, माडांच्या झावळ्या, वर कोपऱ्यात चिमणीएवढे एक विमान, आणि पुढे पाहणाराच्या गळ्यात घालण्यासाठी दोन्ही हातांनी फुलांची माळ उचलून धरलेली एक तरुणी. चित्राखाली चित्रकाराची सही नाही. रंग मात्र असे की दुपारी अशिलांची वर्दळ ओसरल्यावर त्याकडे नुसते पाहत राहावे. मराठीने तर या बेटांवर विशेष कृपा केली आहे. आमच्या भाषेत ‘हवाई’ म्हटले की बेटही झाले आणि विमानही झाले. जाहिरातदाराला दोन शब्दांचे काम एकात साधते.

एके दिवशी एक वृद्ध बाई आपल्या घराच्या मुंडकारी हक्काच्या कामासाठी आमच्याकडे आल्या. देवळाच्या पायऱ्यांपाशी बसून अबोलीचे वळेसर विकण्यात त्यांचा जन्म गेला. आम्ही त्यांचे कागद चाळीत असता त्या भिंतीकडे बराच वेळ पाहत राहिल्या आणि मग म्हणाल्या, “वकीलबाब, ही कोणाली चली?”

ती कोणाचीच मुलगी नव्हे, ते चित्र आहे, असे आम्ही हसून सांगितले. त्यांनी मान डोलावली. थोड्या वेळाने, कागदावर अंगठ्याऐवजी मोठ्या कष्टाने आपली सही करीत त्या म्हणाल्या, “म्हजे नातीचेंय अशेंच एक चित्र आसा. तिचेंय नांव ताचेर ना.”

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. परंतु आमचे हसू तेथेच थांबले, कारण ते दुसरे चित्र ज्या कागदाच्या जोरावर निघाले होते तो कागद आमच्याच हातचा होता. दोन वर्षांपूर्वी पर्यटनाच्या जाहिराती करणाऱ्या एका संस्थेने आमच्या देवस्थानाकडे छायाचित्रे घेण्याची अनुमती मागितली. समितीने मसुदा करण्याचे काम आमच्याकडे दिले. आम्ही पाच कलमे घातली: गर्भकुडीचे चित्र घेऊ नये, पूजेच्या वेळी उपकरणे आणू नयेत, चौकात पादत्राणे घालून वावरू नये, उत्सवमूर्तीचे चित्र मालाच्या जाहिरातीस वापरू नये, आणि ठरलेली देणगी आगाऊ भरावी. मसुदा नेटका झाला म्हणून समितीने आमचे अभिनंदनही केले. काही महिन्यांनी भलेमोठे पत्रक छापून आले. मागे दीपस्तंभ, पुढे अबोलीची परडी घेतलेली एक हसतमुख मुलगी, आणि वर एकच शब्द: गोवा. ती मुलगी म्हणजे या बाईंची नात. ती परिचारिकेचे शिक्षण घेत होती, सुटीवर आली होती, आणि आजी जेवावयास गेली तेवढ्या वेळापुरती परडीपाशी बसली होती. देवाच्या मर्यादेची पाच कलमे आम्ही लिहिली. देवाच्या दारात बसलेल्या माणसाचे एकही लिहिले नाही.

त्या दिवसापासून आम्हांस एक प्रश्न सुटेना झाला आहे. चित्रात खोटे काहीच नाही, आणि तरीही ज्याचे चित्र आहे त्याच्यावर अन्याय झाला, असे होऊ शकते काय? होत असेल तर तो अन्याय कोणत्या जातीचा?

वकिलाच्या सवयीप्रमाणे आम्ही प्रथम कायद्याकडे गेलो. कायदा याबाबतीत बराच उदार आहे. माल विकणाऱ्याने थोडी फुशारकी मारावी, ग्राहकाने ती थोडी वजा करून ऐकावी, असा जगाचा संकेत कायद्यानेही मानलेला आहे. फुशारकी आणि वचन यांतील सीमारेषा दाखविण्यासाठी विद्यार्थ्यांना आजही कार्लिल बाईंचा खटला शिकवितात. आमच्या औषधी गोळ्याचा धूर हुंगूनही ज्यास इन्फ्लुएंझा होईल त्यास १०० पौंड देऊ, असे एका इंग्रज कंपनीने जाहीर केले होते, आणि आपल्या प्रामाणिकपणाची खूण म्हणून १००० पौंड बँकेत ठेवल्याचेही छापले होते. कार्लिल बाईंना तो आजार झाला व त्यांनी पैसे मागितले. ती नुसती जाहिरातबाजी होती, हा कंपनीचा बचाव न्यायालयाने मानला नाही. ठेवलेल्या पैशांमुळे ती फुशारकी उरली नव्हती, वचन झाली होती. हवाईच्या पोस्टरात असे कोणतेही वचन नाही. उतरताच अमुक मुलगी अमुक माळ तुमच्या गळ्यात घालील, असे कोणी लिहून दिलेले नाही. समुद्र निळा आहे, डोंगर आहे, माडही आहेत. आमच्या १८७२ च्या करार अधिनियमाचे सतरावे कलम सांगते की नुसते मौन म्हणजे कपट नव्हे; मात्र बोलणे हे कर्तव्य असताना पाळलेले मौन, किंवा जे मौन स्वतःच बोलण्यासारखे असते ते, कपट ठरू शकते. हे शेवटचे शब्द आम्ही विद्यार्थिदशेत परीक्षेपुरते पाठ केले होते. त्यांचा अर्थ त्या फुलवाल्या बाईंनी आम्हांस समजावून दिला.

तेव्हा त्या चित्राचे मौन कशाविषयी आहे, हे पाहणे आले.

चित्रातील डोंगरापासूनच आरंभ करू. ‘डायमंड हेड’ या नावाने तो जगास ठाऊक आहे. होनोलुलूचे असे पोस्टर विरळा की ज्यात तो नाही. त्याचे मूळचे नाव लेआही. एकोणिसाव्या शतकात इंग्रज खलाशांना तेथे चमकणारे स्फटिक दिसले. त्यांना ते हिरे वाटले, आणि त्यांच्या फसगतीचे नाव डोंगरास कायमचे चिकटले. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेने तेथे लष्करी ठाणे वसविले आणि डोंगराच्या कुशीत तोफा बसविल्या. पोस्टरात तोफा नाहीत. डोंगराच्या पायथ्याचा वाइकिकीचा किनारा एकेकाळी अळूची खाचरे, भातशेते व मत्स्यतळी यांनी भरलेला होता. १९२० च्या दशकात आला वाई नावाचा कालवा खोदून ते सारे पाणी काढून टाकले गेले आणि कोरड्या केलेल्या जमिनीवर हॉटेले उठली. रॉयल हवाइयन हे गुलाबी रंगाचे सुप्रसिद्ध हॉटेल मॅटसन या आगबोट कंपनीने १९२७ साली उघडले. त्याच्या नावात राजवैभव आहे. परंतु राजवैभवाचे काय झाले होते?

१८९३ च्या जानेवारीच्या १७ तारखेस हवाईची राणी लिलिउओकलानी हिला अमेरिकन व्यापारी व मळेवाल्यांच्या एका गटाने, अमेरिकन आरमाराचे सैनिक किनाऱ्यावर उतरलेले असताना, पदच्युत केले. (कार्लिल बाईंच्या खटल्याचा निकाल ज्या वर्षाच्या ग्रंथात छापलेला आहे तेच हे वर्ष. एका बाईला १०० पौंड मिळाले, दुसरीचे राज्य गेले.) १८९८ मध्ये बेटे अमेरिकेस जोडली गेली, १९५९ मध्ये ती अमेरिकेचे पन्नासावे राज्य झाली, आणि १९९३ साली अमेरिकेच्या काँग्रेसने ठराव करून त्या शंभर वर्षांपूर्वीच्या कृत्याबद्दल क्षमा मागितली. ही राणी गीते रचीत असे. ‘अलोहा ओए’ हे तिचेच गीत. पुढे आगबोटी धक्क्यावरून सुटताना प्रवाशांना निरोप देण्यासाठी हेच गीत वाजविले जाऊ लागले. ते कोणी रचले आणि तिचे पुढे काय झाले, हे त्या प्रवाशांपैकी कितीकांना ठाऊक असेल!

पॅन अमेरिकन कंपनीचे ‘चायना क्लिपर’ हे समुद्रावर उतरणारे विमान १९३५ च्या २२ नोव्हेंबरला सॅन फ्रॅन्सिस्कोहून टपाल घेऊन निघाले आणि होनोलुलू, मिडवे, वेक, ग्वाम असे टप्पे घेत २९ तारखेस मनिलाला पोचले. पुढील वर्षी उतारू घेण्यास आरंभ झाला. पहिला टप्पाच वीस तासांहून अधिक. भाडे धनिकांनाच परवडावे असे. म्हणून त्या काळची पोस्टरे म्हणजे बहुतेकांना केवळ पाहण्याचे सुख होते. पॉल जॉर्ज लॉलर याने पॅन अमेरिकनसाठी काढलेली चित्रे त्याच काळातली. युद्धानंतर युनायटेड कंपनीसाठी स्टॅन गॅली याने काढलेली चित्रे अधिक सुटसुटीत. युजीन सॅव्हेज या चित्रकाराने मॅटसन कंपनीच्या बोटींसाठी हवाईच्या राजांची, मेजवान्यांची सहा प्रचंड चित्रे १९४० पर्यंत पुरी केली. युद्धामुळे ती अडगळीत पडली, आणि १९४८ पासून बोटीवरील भोजनपत्रिकांची वेष्टने म्हणून छापली गेली. उतारू ती आठवण म्हणून घरी नेत. राज्य बुडाल्यावर पन्नास वर्षांनी राजे जेवणाच्या टेबलावर आले. चित्रे अत्यंत सुंदर आहेत; हे न म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल.

याच काळात त्या बेटांवर काय चालले होते, हे ध्यानात घेतले की चित्रातील हसऱ्या नर्तकीकडे पाहणे अवघड होते. हुला हे मुळात करमणुकीचे नृत्य नव्हे. त्यातील पदांत वंशावळी, देवदेवतांच्या कथा आणि राजांचे पराक्रम जपलेले असत. शिकणारे शिष्य लाका या देवतेची वेदी मांडून, नियम पाळून राहत. आमच्या देवळांतील सेवा ज्यांनी पाहिली आहे त्यांना ते वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. १८२० साली ख्रिस्ती मिशनरी आले आणि १८३० मध्ये काआहुमानू राणीने हुलाचे जाहीर प्रयोग बंद केले. कलाकाउआ राजाने १८८३ च्या आपल्या राज्याभिषेकसमारंभात तो पुन्हा राजांगणात आणला. राज्य गेल्यावर, १८९६ च्या कायद्याने, शाळांतील शिक्षणाचे माध्यम इंग्रजी ठरले आणि हवाइयन भाषा वर्गाबाहेर गेली. तीन पिढ्यांत ती मुलांच्या तोंडून जवळजवळ नाहीशी झाली. बेळगावच्या आमच्या वाचकांना शाळेच्या माध्यमाचा प्रश्न म्हणजे काय, हे आम्ही सांगावे असे नाही. एकीकडे पदांचे शब्द विसरले जात होते आणि दुसरीकडे त्याच नृत्याचा एक हातवारा लक्षावधी कागदांवर छापला जात होता. चित्राचे मौन म्हणतात ते हे.

यावर आमचे एक मित्र, जे शाळेत चित्रकला शिकवितात, आम्हांस म्हणाले: “एका चौकटीत तुम्ही काय काय मागता? दिवा एका कोपऱ्यात धरला की दुसरा अंधारात राहतोच. चित्रकाराला रंग आणि रेषा मागा. इतिहास मागण्यासाठी इतिहासकार आहेत.” हा आक्षेप खरा आहे आणि आम्ही तो टाळू इच्छीत नाही. कलावंताने सर्व सांगितले पाहिजे असा दंडक केला तर कला उरणारच नाही. शिवाय त्याच चित्रांनी काही राखलेही. पर्यटकांसमोर नाचून व गाऊन अनेक कुटुंबांनी ती विद्या उपजीविका म्हणून का होईना, हातात धरून ठेवली. हिलो येथील ‘मेरी मोनार्क’ उत्सव १९६३ साली पाहुणे यावेत एवढ्याच हेतूने निघाला. १९७१ पासून त्यात हुलाच्या स्पर्धा होऊ लागल्या आणि आज तो त्या विद्येचा मानाचा दरबार झाला आहे. १९७८ मध्ये हवाइयन ही राज्यभाषा झाली, १९८४ पासून तिच्या बालवाड्या निघाल्या. तेव्हा बाजारात आलेली वस्तू भ्रष्टच होते, असा सोवळा सिद्धान्त आम्हांस मांडता येत नाही.

शुद्ध-अशुद्धाचा विचारही जपून करावा. पोस्टरातील माळेत आहे तो चाफा हवाईचा नव्हेच. हिलेब्रँड नावाच्या जर्मन वैद्याने तो १८६० साली तेथे आणला. मूळ अमेरिका खंडातील उष्ण प्रदेशाचा. आणि तोच चाफा आमच्या देवळांच्या आवारात ‘देवचाफा’ म्हणून उभा आहे! चित्रात जिची जोड हमखास असते ती युकुलेली मडेरा बेटावरून १८७९ साली उसाच्या मळ्यांवर कामास आलेल्या पोर्तुगीज मजुरांच्या वाद्यापासून झाली. गोमंतकीयांना यात नवल वाटू नये. परकी फुले आणि परकी वाद्ये घेऊन माणसे आपले घर सजवितात. त्यात अन्याय नाही.

मग अन्याय कोठे आहे? आमच्या मते कायद्यातील एका जुन्या तत्त्वाकडे पाहिले म्हणजे तो सापडतो. करार ज्यांच्यात झाला त्यांनाच तो बांधतो आणि त्यांनाच त्यावर दाद मागता येते, तिऱ्हाइताला नाही. पोस्टर हे विमान कंपनी व प्रवासी यांच्यातील बोलणे आहे. कंपनीने फुशारकी मारली, प्रवाशाने ती वजा करून घेतली, दोघेही सज्ञान. परंतु त्या बोलण्यात माळ घेऊन उभी असलेली ती तरुणी कोण? ती विकणारी नाही, विकत घेणारी नाही. ती तिऱ्हाईतही नव्हे. तिऱ्हाईत निदान व्यवहाराबाहेर तरी असतो. तिचे स्वागत, तिचे हसू, तिचे घरचे अंगण हाच तर माल आहे. आदरातिथ्य ही द्यावयाची वस्तू. ती देणाऱ्याच्या इच्छेने दिली जाते तोवरच आदरातिथ्य असते. चित्राने ती आधीच देऊन टाकली. विमानातून उतरणाऱ्याला वाटते की ही माळ आपल्या भाड्यात आलेली आहे, आणि कोणी ती घातली नाही तर आपली फसवणूक झाली. फसवणूक ग्राहकाची होते की नाही एवढेच न्यायालय पाहते. ज्याच्या वतीने परस्पर ‘या’ म्हटले गेले त्याचे काय, हा प्रश्न त्याच्यापुढे येतच नाही. राज्य झाल्याच्या वर्षी, १९५९ साली, हवाईत सुमारे अडीच लाख पाहुणे आले. त्याच वर्षी जेट विमाने सुरू झाली. १९६७ पर्यंत आकडा दहा लाखांवर गेला आणि २०१९ साली एक कोटीवर, तेथील वस्ती चौदा लाखांच्या आसपास असताना. एवढ्यांना ‘या’ कोणी म्हटले होते?

फिजी बेटांच्या बाबतीत तर चित्राने काही माणसांना पाहुणचारासाठीही ठेवले नाही. १८७९ ते १९१६ या काळात साठ हजारांहून अधिक हिंदी मजूर गिरमिटावर तेथे नेले गेले. उसाचे मळे त्यांच्या घामावर उभे राहिले. फिजीची जी जुनी प्रवासपत्रके आमच्या पाहण्यात आली त्यांत उंच केसांचा काईविती योद्धा आहे, माड आहेत. उसाच्या शेतात वाकलेला आमचा माणूस एकाही चित्रात दिसला नाही. तो सुंदर नव्हता असे नव्हे. त्याच्याकडे पाहिल्यावर प्रवाशाला ‘हा येथे कसा आला’ असा प्रश्न पडला असता, आणि पोस्टराला प्रश्न चालत नाहीत. ताहितीचे काय सांगावे! तिच्या स्वप्नाळू चित्रांना बहर आलेला असतानाच, १९६६ पासून, त्याच फ्रेंच मुलखातील मोरुरोआवर अणुस्फोट सुरू झाले आणि त्या मुलखात ते १९९६ पर्यंत चालले.

येथे कोणी म्हणेल की तुम्ही परक्यांच्या डोळ्यांतले मुसळ बरे पाहता; आपल्याकडे काय आहे? आपल्याकडे क्षेत्रमाहात्म्ये आहेत. गंभीरपणे विचार केला तर माहात्म्य हेही एक प्रकारचे प्रवासपत्रकच. या तीर्थात स्नान केले असता अमुक जन्मांचे पाप जाते, या लिंगाच्या दर्शनाने अमुक यज्ञांचे फल मिळते, असे ते सांगते, आणि वाटेतील चिखल, ढेकूण व बडव्यांचा तगादा यांविषयी ते मौन पाळते. सह्याद्रिखंड आपण ज्या श्रद्धेने वाचतो त्या श्रद्धेने ते वाचीत असतानाही हा विचार मनात येऊन गेला तर त्यात पाप नाही.

परंतु फरक आहे, आणि तो आम्हांस महत्त्वाचा वाटतो. माहात्म्य यात्रेकरूकडे काही मागते. उपास कर, अनवाणी चाल, केस दे, नवस फेड. यात्रेकरू तेथे धनी म्हणून जात नाही, याचक म्हणून जातो. पोस्टर मागते ते केवळ भाडे. आणि दुसरे: माहात्म्यात माणसांना जागा असते. कोठे गुराख्याची गाय नेमक्या जागी पान्हा सोडते, कोठे कोळ्याच्या जाळ्यात मूर्ती लागते, कोठे एखाद्या विधवेच्या स्वप्नात देवी येते. ज्याला दर्शन झाले तो माणूस त्या गावाचा असतो, पुष्कळदा त्याचे कूळही सांगितले जाते, आणि जत्रेत त्याच्या वंशजाला मान मिळतो. मान कोणाचा यावरून आमच्याकडे किती दावे चालतात हे वकिलाइतके कोणास ठाऊक! त्या दाव्यांची आम्हीही थट्टा करीत आलो. आज वाटते, चित्रातील मुलीला कोणी मान देत नाही, म्हणून तिचा दावाही उभा राहत नाही.

तथापि येथे फुशारून जाण्याचे कारण नाही. ज्यांना देवळाच्या बाहेरच उभे केले गेले त्यांची नावे आमच्या माहात्म्यांतही नाहीत. आणि ज्यांनी देवळाच्या चौकात पिढ्यान् पिढ्या गाणे व नृत्य केले त्यांची नावे आम्ही कोठे लिहून ठेवली? फोंडे महालातील केरी गावच्या केसरबाईंचे नाव मुंबईच्या मैफलींनी आणि ध्वनिमुद्रिकांनी राखले. १९७७ साली अवकाशात गेलेल्या व्हॉयेजर यानावर त्यांचा स्वर गेला. त्यांच्या आधीच्या कित्येक जणींचे सूर त्या चौकाच्या खांबांनी ऐकले आणि जिरवले.

इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथील आमच्या वाचकांना याच संदर्भात आणखी एक चित्र आठवेल. १९४६ साली बॉबी कूका आणि चित्रकार उमेश राव यांनी एअर इंडियासाठी ‘महाराजा’ जन्मास घातला. पुढे दोन-तीन वर्षांत खरी संस्थाने विलीन झाली आणि फेटा बांधून, कमरेत वाकून पाहुण्यांचे स्वागत करणारा हा कागदी महाराजा मात्र जगभर हिंडू लागला. ज्यांच्या आजोबांनी खऱ्या स्वाऱ्या पाहिल्या त्यांना ते चित्र थोडे बोचलेही असेल. आम्हांस ते अन्यायाचे वाटत नाही. ती थट्टा आमची आम्ही केलेली होती. वाकणाराने स्वतःच ठरविले होते की किती वाकावे. हवाईच्या राजांना भोजनपत्रिकेवर आणले ते दुसऱ्यांनी. चित्र तेच असले तरी कुंचला कोणाच्या हाती आहे यावरून त्याचा अर्थ पालटतो. पण हेही अर्धेच उत्तर झाले. कारण आमच्या देवळापुढील चित्रात कुंचला आमच्याच लोकांच्या हाती होता, आणि अनुमतीचा कागद आमच्या.

हवाईचा एक कागद मात्र आम्हांस या सर्व पोस्टरांहून सुंदर वाटतो. १८९७ साली, बेटे अमेरिकेस जोडू नयेत म्हणून, तेथील देशभक्तांच्या सभेने अर्ज फिरविला. त्यावर एकवीस हजारांहून अधिक लोकांनी सह्या केल्या. सबंध मूळ प्रजा तेव्हा सुमारे चाळीस हजारच होती. अर्ज वॉशिंग्टनला गेला, आणि तेथील दप्तरात जवळजवळ शंभर वर्षे विस्मृतीत पडून राहिला. १९९६ मध्ये नोएनोए सिल्वा या हवाइयन विदुषीने तो उजेडात आणला. त्याच्या प्रती बेटांवर मांडल्या गेल्या तेव्हा लोक येऊन पानांवरून बोट फिरवीत आपल्या पणजोबांचे, पणजीचे नाव शोधू लागले. त्यात चित्र एकही नाही; नुसती नावे, वयासह, ओळीने लिहिलेली. त्या पानांपुढे उभे राहून ‘ही कोणाची मुलगी’ असे विचारले तर उत्तर मिळते.

त्या बाई गेल्यावर काही दिवसांनी आम्ही त्यांच्या घरी गेलो. नात सुटीवर आली होती. चित्राविषयी तिचे मत विचारले. खरे तर ते दोन वर्षे उशिरा विचारीत होतो. ती म्हणाली, चित्र वाईट नाही, पण रुग्णालयात सोबतच्या मुली विचारतात की फुले विकावयास कधी जातेस. आधी विचारले असते तर तू नकार दिला असतास काय, असे आम्ही पुसले. आमच्या मनात नुकसानभरपाईची काही कल्पना घोळत होती, हे कबूल केले पाहिजे. ती जरा थांबून म्हणाली, “नकार दिला नसता. आजीला बसवा म्हटले असते. फुले तिची आहेत.”

आजी त्या चित्रात चालली नसती, हे तिलाही ठाऊक होते आणि आम्हांसही.

गेल्या महिन्यात दुसऱ्या एका संस्थेचा तसाच अर्ज देवस्थानाकडे आला. आम्ही मसुद्यात सहावे कलम घातले आहे: आवारात बसणाऱ्या, सेवा करणाऱ्या किंवा दर्शनास आलेल्या कोणाही व्यक्तीचे ओळखू येईल असे चित्र तिला आधी विचारल्यावाचून घेऊ नये, आणि तिची हरकत नसेल तर चित्राखाली तिचे नाव व गाव छापावे. समितीत त्यावर दोन बैठका झाल्या. एका सभासदांचे म्हणणे असे की जत्रेच्या गर्दीत हजारोंना कोण विचारणार. दुसऱ्यांचे, की देवाच्या दारात सगळे भक्तच, तेथे नावगाव कशाला. तिसऱ्यांनी अग्रशाळेच्या छपराचा खर्च काढला आणि एवढी कलमे पाहून संस्था दुसऱ्या देवळाकडे जाईल असे बजावले. यांपैकी पहिला आक्षेप विचार करण्यासारखा आहे, म्हणून ‘ओळखू येईल असे’ हे शब्द आम्ही अधिक स्पष्ट करून देणार आहोत. फुलवाल्या बाईंनी आपले नाव कसे लिहावे ते आम्हांस सांगून ठेवले आहे. गावाच्या नावाआधी वाड्याचे नाव यावे असा त्यांचा आग्रह आहे. पुढील बैठक जत्रेनंतर आहे.